नेदरलँड्समधली तळी आणि राखीव क्षेत्रं बघण्यासारखी आहेत का, की सगळं माणसानेच केलेलं आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये दोन दिवस मोकळे आहेत, सोबत पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी, गाडी नाही, अॅमस्टरडॅमच्या बाहेरची तळी आणि राखीव क्षेत्रं बघायची आहेत. "पण तिथला निसर्ग माणसाने बनवलेला असतो म्हणतात, मग वेळ घालवण्यात अर्थ आहे का?"

या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. हेच वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून भर तळ्यात ऐकलंय, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

आधी कामाचं. एक दिवस नार्डरमेर हे तळं, एक दिवस वेअररिबेन-वीडन हे राष्ट्रीय उद्यान. त्याच भागातल्या खिटहोर्न गावाला (सगळे गिथोर्न म्हणतात) जाऊ नका. जूनमध्ये तिथल्या कालव्यात नावेला नाव घासत असते, लोकांच्या परसात डोकावत फिरायचं आणि त्याला निसर्ग म्हणायचं. तिथून थोडंच पुढे गेलं की तेच पाणी, तेच पूल, आणि माणूस नाही.

नार्डरमेर सोपं आहे. अॅमस्टरडॅमहून नार्डन-बुसमची लोकल धरायची, तिथून चालत. तळ्याची पूर्ण फेरी अठरा किलोमीटरच्या आसपास आहे. मुलीला घेऊन होणार नाही, अर्धं जा आणि परत फिरा. हे तळं उपसून शेती करायचा प्रयत्न दोनदा झाला आणि दोन्ही वेळा फसला. मग १९०४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेत विषय निघाला की शहराचा कचरा इथे टाकू. याक. थायसे नावाचे शाळामास्तर आणि त्यांचे मित्र त्यावर पेटून उठले, १९०५ मध्ये नातुरमोन्युमेंटन ही संस्था निघाली आणि १९०६ मध्ये तिने हे तळं चक्क विकत घेतलं. देशातलं पहिलं राखीव क्षेत्र ते हे. पाणकावळ्यांची मोठी वसाहत आहे, नशीब असेल तर जांभळा बगळा आणि चमचा पक्षीही दिसतात. रेल्वेचा रूळ तळ्याच्या मधून जातो, आणि पाणकावळ्यांना त्याचं काही वाटत नाही.

आता वेअररिबेन-वीडन, म्हणजे दाजी.

ताई-दाजी मे महिन्यात आले होते. दाजींना पक्ष्यांच्या फोटोंचा नाद. दर जानेवारीत पुण्याहून पहाटे चारला निघून भिगवणला फ्लेमिंगो काढायला जातात. लेन्स एवढी मोठी की विमानात तिला मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, यांना गिरण्या-ट्यूलिप दाखवण्यात अर्थ नाही. स्टेनवाइकला ट्रेनने गेलो, तिथून सायकली घेतल्या, पुढे फ्लाउस्टरबोट, म्हणजे बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी नाव. परवाना लागत नाही. अक्कल लागते, ती त्या दिवशी माझ्याकडे कमी होती. अरुंद कालव्यात सगळं छान चाललं होतं. दोन्ही बाजूला पुरुषभर उंच बोरू, मध्ये काळं पाणी, कुठेतरी कोकीळ नव्हे तर खरीखुरी कक्कू ओरडतेय. ताई तर अगदी गप्प झाली होती. मग मी शहाणपणा करून नाव मोठ्या तळ्यात, ब्योलाकरवाइडमध्ये घातली. तिथे वारा. नाव हलकी, मोटर इवलीशी. पाच मिनिटांत आम्ही आडवे होऊन काठच्या बोरूत घुसलो.

तिथे अडकलेले असताना दाजी म्हणाले, "पाव्हणं, एवढ्या लांब आणून शेवटी बॅकवॉटरच दाखवलंत होय! हे सगळं खणून केलेलं आहे, बोर्डावरच लिहिलंय. याला काय निसर्ग म्हणायचं?"

बोर्डावर लिहिलं होतं हे खरं. हा सगळा प्रदेश म्हणजे जळणाची खाण. इथली जमीन म्हणजे हजारो वर्षं कुजत साचलेलं गवत. लोकांनी ते पाण्याखालून उपसलं, लांबलचक चर पडले. उपसलेला चिखल सुकवायला दोन चरांच्या मध्ये जमिनीच्या पट्ट्या ठेवल्या. सुकलं की विटा कापायच्या आणि शहरात जाळायला पाठवायच्या. त्या पट्ट्यांना 'रिबेन' म्हणतात, म्हणजे फासळ्या. हाव सुटली तसे चर रुंद होत गेले आणि फासळ्या बारीक. १७७५ आणि १७७६ च्या वादळांत समुद्राचं पाणी आत आलं, फासळ्या वाहून गेल्या, आणि ब्योलाके नावाचं गाव पाण्यात गेलं. आम्ही ज्या तळ्यात अडकलो होतो त्याच्या खाली ते गाव आहे.

हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बघा, अपघाताने झालेलं तळं."

मला तिथे राग आला. माझ्या आईचं माहेर उजनीत गेलं. भिगवणचे फ्लेमिंगो ज्या पाण्यात उभे असतात ते १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी आहे, आणि त्याच्या तळाशी माझ्या आजीचं घर आहे, चुलीसकट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आजी जिवंत होती तोवर दरवर्षी तिला तिकडे न्यावं लागायचं, ती काठावर उभी राहून हात जोडायची आणि परतताना कुणाशी बोलायची नाही. दाजी त्याच पाण्यातले फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात, खाली 'वाइल्ड महाराष्ट्र'. तेव्हा कुणी विचारत नाही की तळं कुणी केलं.

हे सगळं मला नावेत सुचलं नाही. नावेत मी फक्त म्हणालो, "दाजी, वल्हं मारा."

खरं तर स्किपोलला तुमचं विमान जिथे टेकेल तीसुद्धा १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी उपसलेल्या हार्लेमरमेर तळ्याची जमीन आहे. या देशात माणसाचा हात न लागलेली जागा शोधत बसलात तर दोन दिवस विमानतळावरच जातील. उलट इथे हात काढून घेतला तर राखीव क्षेत्र संपतं. वेअररिबेनमधला बोरू हिवाळ्यात कापला नाही (तोच घरांच्या छपरांना वापरतात), तर काही वर्षांत तिथे झुडपं माजतात, मग रान होतं, आणि पाणी बुजतं. राबणारी माणसं आहेत म्हणून ते जंगली आहे. या देशातून पाणमांजर १९८८ च्या सुमारास संपलं होतं. २००२ पासून बाहेरची पाणमांजरं आणून सोडली ती इथेच, आणि आता ती पसरली आहेत. मला इतक्या वर्षांत दिसलंय ते फक्त शेपूट.

परतताना दाजींना कुरणात एक गॉडविट, म्हणजे लांब चोचीचा पाणथळीतला पक्षी, दिसला. डच लोक त्याला ख्रुट्टो म्हणतात, तो स्वतःचं नाव घेतच ओरडतो, राष्ट्रीय पक्षी आहे. दाजी सायकल टाकून तारेपलीकडे पाय टाकणार, एवढ्यात कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजीबाईंनी त्यांना थांबवलं. इंग्रजीत, शांतपणे, अजिबात न हसता सांगितलं की जमिनीवर अंडी आहेत, तुमच्या फोटोपेक्षा त्यांना महत्त्व आहे. कुत्र्यालाही पट्टा होता, तोही त्यांनी बोटाने दाखवला. दाजींनी फोटो रस्त्यावरूनच काढला. चांगला आलाय, मी नाकारत नाही.

तर हे लक्षात ठेवा, आधी सांगायला हवं होतं: साधारण १५ मार्च ते १५ जुलै घरट्यांचा काळ असतो, म्हणजे तुमचा जून त्यातच येतो. काही पायवाटा बंद असतात, पाटी वाचा. स्टेशनवरच्या निळ्या-पिवळ्या सायकलींना इथलं स्वतःच्या नावाचं प्रवासाचं कार्ड लागतं, तुम्हाला मिळणार नाहीत, दुकानातून घ्या. वाट शोधायला नकाशा नको, चौकाचौकात आकडे लावलेले असतात, ते आकडे कागदावर उतरवून घ्यायचे आणि पाटीमागून पाटी जायचं. काही कालव्यांवर साखळी ओढून स्वतःच पलीकडे न्यायचा तराफा आहे, तुमच्या मुलीला तोच सगळ्यात आवडेल. उंच गवतातून आल्यावर गोचिडी बघा, गुडघ्यामागे आणि केसांत, हे हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्यातून लाइमचा आजार होतो. पाण्यावर हिरवी साय दिसली तर मुलीला उतरू देऊ नका. आणि भाड्याची नाव मोठ्या तळ्यात नेऊ नका, वारा नसला तरी.

ऑस्टफार्डर्सप्लासेनचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. १९६८ मध्ये कोरड्या केलेल्या पोल्डरवर (बांध घालून पाण्यातून काढलेल्या जमिनीवर), कारखान्यांसाठी राखलेल्या जमिनीवर आपोआप झालेली दलदल. मला ती जागा आवडते, पण २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथल्या घोड्या-हरणांची जी उपासमार झाली त्यावर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल.

दाजींनी ख्रुट्टोचा तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'युरोपातला अस्सल निसर्ग'. मी अंगठा दिला.