अण्णांच्या बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं

"मॅडम, पैशाची चिंता मिटली. पण करमत नाही. आणि हे कुणाला सांगायची लाज वाटते."

गेल्या दोनेक वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "लोक म्हणतील, सुख टोचायला लागलंय." पुण्याची नोकरी सोडून जुळे सोलापुरात परतलेला चाळिशीचा इंजिनिअर हे बोलला. कंपनीचे शेअर विकून त्याचं आयुष्यभराचं भागलं होतं. महामार्गात रान गेलेला अक्कलकोटकडचा शेतकरी हेच बोलला. मोबदला खात्यात जमा झाला त्या दिवसापासून तो सकाळी उठून नुसता पारावर बसत होता. आणि हेच बोलले सोलापूरच्या पूर्व भागातले, मागाच्या वस्तीतले अंबादास. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही. (नाव बदललंय, बाकीचे तपशीलही इकडचे तिकडे केलेत.)

अण्णांना त्यांची मुलगी घेऊन आली. वय बावन्न. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या वेळची मागाची शेड, आठ यंत्रमाग, चादरी निघायच्या. जागेचे भाव वाढले, भावांनी विकायचं ठरवलं, आणि अण्णांच्या वाट्याला दोन कोटी आले. खिशात सुताच्या व्यापाऱ्याचं एक जुनं बिल घडी करून ठेवलेलं. पाठीमागे पेनानं हिशोब: दोन कोटी, सात टक्के, भागिले बारा. खाली दोनदा अधोरेखित केलेला आकडा, १,१६,६६६.

"महिन्याला एवढं घरबसल्या," अण्णा म्हणाले. "शेडमध्ये राबून ह्याच्या निम्मंपण सुटत नव्हतं. मग मला काय झालंय?"

"काय होतंय?"

"पहाटे चारला जाग येते. कान मोकळे मोकळे वाटायलेत. आवाजच नाही ना कसला. बायकोवर ओरडतो. ओरडून झालं की कळतं, कारणच नव्हतं."

मला खटकलं ते वेगळंच. मागाच्या खटखटीत वाढलेली माणसं मोठ्यानं बोलतात. पूर्व भागातलं कुणी आलं की आमची बाहेरच्या खोलीतली मुलगी दार लावून घेते, नाहीतर वाट बघणाऱ्यांना सगळं ऐकू जातं. अण्णा मात्र इतकं हळू बोलत होते की मला खुर्ची पुढे घ्यावी लागली. पुढच्या वेळी त्यांची बायको, लक्ष्मीबाई, सोबत आल्या, त्या म्हणाल्या, "पैसे आल्यापासून आमच्या घरात सगळेच हळू बोलतात, मॅडम. आणि हे दिवसभर घरात. मी डबा कुणाचा भरू?"

आता माझी चूक सांगते. मी विचारलं, "अण्णा, छंद काय तुमचे?"

"वीज गेली की झोपायचं, हाच छंद."

मी हसले, पण हे विचारायला नको होतं. हल्ली जो तो सांगत सुटतो, 'आता मनासारखं जगा', 'आवड शोधा'. अकराव्या वर्षापासून मागावर उभ्या असलेल्या माणसाला आवड शोध म्हणणं म्हणजे अंधारात सुई शोधायला लावण्यासारखं आहे. त्यात नातेवाईक होतेच. हैदराबाद रोडला हॉटेल टाका, प्लॉट घ्या, मंगल कार्यालय बांधा, व्याजानं फिरवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथाबरोबर चालताना एकानं पाठीवर थाप मारून म्हटलं, "अण्णा आता शेठ झाले." अण्णा तिथूनच घरी परतले. आयुष्यात पहिल्यांदा रथ अर्ध्यात सोडला.

पैशाबद्दल मी फार बोलत नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण एवढं प्रत्येकाला सांगते की सहा महिने मोठा निर्णय घेऊ नका. पूर्वी मी "काहीच करू नका" म्हणायचे. एका सीएनं माझे कान उपटले. जमीन किंवा इमारत विकून भांडवली नफा झाला असेल, तर कर वाचवणारे ठरावीक रोखे सहा महिन्यांच्या आतच घ्यावे लागतात, कमाल ५० लाखांचे, आणि पैसे पाच वर्षं अडकतात. म्हणजे शांत बसायचं तेही करसल्लागाराला भेटून. दुसरं, ठेवीचा विमा एका बँकेत एका माणसाला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाहीच. ओळखीचा चेअरमन आहे म्हणून सगळं एका जागी ठेवणारी माणसं मी सोलापुरात पाहिलीत. तिसरं, नातलगांना द्यायचा आकडा त्यांनी मागायच्या आधी ठरवा, नवरा-बायकोनं मिळून, आणि तो परत येणार नाही असं धरूनच द्या. अण्णांनी पुतण्याला तीन लाख दिले होते, लक्ष्मीबाईंना न सांगता. ते माझ्या समोर निघालं. तो तास त्यातच गेला, आणि जायलाच हवा होता.

चौथ्या की पाचव्या भेटीत ते घडलं. माझ्या खोलीतल्या कोचावर चादर असते, सोलापुरात दुसरं काय असणार! अण्णा बोलत नव्हते. मीही बोलत नव्हते. न बोलता बसणं ही या धंद्यात शिकायला सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि एकवीस वर्षांनी मला ती जमते असं मी म्हणू शकते. त्यांचा हात चादरीच्या काठावरून फिरत होता. मधेच थांबला. बोटांनी दोनदा मागेपुढे चाचपलं.

"इथं बाणा सुटलाय," ते म्हणाले. बाणा म्हणजे आडवा धागा. नजर माझ्याकडेच होती, चादरीकडे नव्हतीच. "कांडीवरचं सूत संपल्यावर माग वेळेवर थांबवला नाही कुणीतरी."

मग काठाची तुटलेली दशी त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरली, दुसरा धागा तिच्यावरून घेतला, अंगठ्यानं खाली दाबला आणि ओढला. गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी वाकून बघितलं तर गाठ शोधावी लागली, इतकी बारीक.

"पुन्हा करून दाखवा."

पुन्हा केली.

"दिवसाला किती मारत होता अशा?"

"मोजतंय कोण? दोनशे तर सहज. नाना शिकवायचे तेव्हा डोळे मिटून मारायला लावायचे. गाठ जाड झाली की फणीत अडकते, तार परत तुटते."

"अण्णा, माग विकले त्या दिवशी तुम्ही तिथं होता?"

बराच वेळ गेला. "होतो. भंगारवाल्यानं किलोवर घेतले. नानांनी घेतलेला माग वजनकाट्यावर चढवला. एकेक करून आठ." ते हातांकडे बघत राहिले. "मॅडम, सगळ्यांना सांगितलं शेड विकली म्हणून. बोटांना कुणी सांगितलंच नाही."

हे बोलताना आवाज चढला होता. बाहेरच्या मुलीनं दार किलकिलं करून आत डोकावलं. मी हातानं तिला जायला सांगितलं आणि मनात म्हटलं, आले, अण्णा आले.

इथं मला जे उमगलं ते सांगते, कारण त्यानंतर आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत मला ते कामी पडलंय. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं, आपल्या गिरणगावासारखंच. गिरणी बंद पडली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं जाऊन लोकांचा अभ्यास केला. हाती मोकळा वेळच वेळ, तरी वाचनालयातून लोक आधीपेक्षा कमी पुस्तकं नेत होते. पुरुष रस्त्यानं हळू चालत, मधेमधे थांबत, आणि बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. ती माणसं गरीब झाली होती, त्यामुळे तेव्हा दोष गरिबीवर ढकलता आला असता. पण याहोडानं पुढे मांडलं ते असं: काम पगार तर देतंच, शिवाय आणखी पाच गोष्टी न सांगता देतं. दिवसाला बांधणी, घराबाहेरची माणसं, चारचौघांनी मिळून केलेलं काहीतरी, 'मी कोण' याचं उत्तर, आणि हातापायांना रोजची हालचाल.

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून आपलं शहर भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. एकेक भोंगा बंद होत गेला तेव्हा इथल्या किती घरांत मारिएन्थाल झालं, ते माझ्या वडिलांच्या पिढीनं बघितलंय. माझा मुद्दा एवढाच की अण्णा गरीब झाले नव्हते, श्रीमंत झाले होते, आणि तरी त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. मी ते पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

मी त्यांना खिशातलं बिल काढायला लावलं. "हा आकडा राहू द्या. त्याच्याखाली लिहा, शेडनं पैशाशिवाय काय काय दिलं."

अण्णांनी लिहिलं ते थोडक्यात असं. सकाळी सातला शटर. दहाचा चहा, चौघं कामगार, बिल आलटून पालटून. व्यापाऱ्याशी भांडण (हे त्यांनी दोनदा लिहिलं, दुसऱ्यांदा हसत). पावसाळ्यात तार जास्त तुटते की थंडीत, यावर वाद. आणि शेवटी: 'अण्णा, जरा बघा की.' दिवसातून पन्नासदा कुणीतरी हे म्हणायचं.

"आता मला सांगा, दोन कोटींनी यातली कुठली ओळ भरली?"

त्यांनी पेनानं वरच्या आकड्याभोवती गोल केला. खालच्या ओळींवरून पेन नुसतं फिरवलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अचानक पैसा आलेला माणूस 'आता पुढे काय' असं विचारतो तेव्हा तो एखादं थोर ध्येय शोधत असतो. शाळा बांधू, ट्रस्ट काढू, जग फिरू. ध्येय वाईट नाही. पण आधी यादी करा. गेलेल्या कामानं काय काय दिलं होतं ते बारीकसारीक लिहा, अगदी भांडणंसुद्धा. मग एकेक ओळ कशानं भरता येईल ते बघा. इंजिनिअरच्या यादीत सगळ्यात वर 'सकाळची मीटिंग' निघाली, जिला तो दहा वर्षं शिव्या घालत होता. शेतकऱ्याच्या यादीत 'बैलाला पाणी' होतं, बाकी सगळं त्याच्या नंतर.

अण्णांचं पुढचं काही सरळ झालं नाही. देवस्थानच्या हिशोबाच्या कामाला गेले, तिसऱ्या दिवशी भांडून आले. मग मित्राच्या कारखान्यात नवे रेपिअर माग बघायला गेले. तिथं आडवा धागा घेऊन धावणारा धोटाच नाही, कांडी नाही, तार तुटली की माग आपोआप थांबतो. "पोरगा बटण दाबतो, मॅडम. माझं काय काम?" त्या आठवड्यात ते परत हळू बोलायला लागले. मी घाबरले होते, कबूल करते.

दीड महिन्यानं नीलम नगरातल्या एका जुन्या शेडवाल्यानंच बोलावलं. त्याच्याकडे अजून धोट्याचे बारा माग, आणि जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मिळत नव्हता. नवी पोरं या कामात येतच नाहीत. अण्णा म्हणाले, "तीन दिवस जातो सकाळचं. पैसे नको म्हटलं मी."

"पैसे घ्या."

"मला काय करायचेत?"

"तुम्हाला नकोत, तरी त्याला द्यावे लागतील असं करा. फुकट येणाऱ्या माणसाची कुणी वाट बघत नाही, अण्णा. आला तर आला. मजुरी घेणारा नाही आला, तर फोन येतो."

लक्ष्मीबाई मधेच म्हणाल्या, "आणि मी डबा भरेन."

मजुरी चारशे ठरली. ती बँकेत जात नाही. चहा आणि शनिवारची भजी त्यातूनच. दोन कोटींच्या व्याजाला अण्णा हात लावत नाहीत, पण त्या चारशेंचा हिशोब त्याच बिलाच्या पाठीवर, उरलेल्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहितात. एका पोराला गाठ शिकवायला घेतलंय. त्याची गाठ अजून जाड होते.

परवा फोन आला, कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम, गुरुवारी जमायचं नाही. गुरुवारी उभ्या धाग्यांचा बीम चढवायचाय, माझ्याशिवाय होत नाही तिथं."

"मग शुक्रवारी?"

"बघतो की," म्हणाले, आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. मी डायरीतला गुरुवार खोडला.