सुपरकेईकेबी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात (कोलायडरमध्ये) इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची ऊर्जा वेगवेगळी का ठेवतात?

टकरीतून निघणारी बी मेसॉन हा अल्पायुषी कण आणि त्याचा प्रतिकण प्रति-बी मेसॉन यांची जोडी जागच्या जागी न विरता पुढे सरकावी, म्हणून. जपानमधल्या त्सुकुबातल्या या यंत्रात इलेक्ट्रॉन ७ आणि पॉझिट्रॉन ४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेचा असतो. बी मेसॉन जगतो जेमतेम दीड पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). ऊर्जा सारख्या असत्या तर दोघांचे विघटनबिंदू जवळजवळ एकमेकांवरच पडले असते. आता त्यांच्यात सरासरी ०.१३ मिलिमीटर अंतर पडतं, आणि त्यावरून कोण किती आधी फुटला ते कळतं. हे कळणं अत्यावश्यक, कारण सगळ्या वेळा एकत्र मिसळल्या की इथे शोधायचा असलेला, वेळेवर अवलंबून असणारा द्रव्य-प्रतिद्रव्याच्या वागण्यातला फरक बेरजेत शून्य होतो! (ते अंतर मोजणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरच्या एका थरात मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिचा मोठा वाटा आहे.) मात्र द्रव्य-प्रतिद्रव्यातला जो दुसऱ्या प्रकारचा फरक (असममिती) नुसती विघटनं मोजून दिसतो, त्याला ही युक्ती लागत नाही.