आई आणि सासूबाई जवळ असताना डूला कशासाठी?

आपण विचारले आहे की नाशिकमध्येच माहेर आणि सासर असताना, पहिल्या बाळंतपणासाठी पैसे देऊन डूला, म्हणजे बाळंतपणात सतत सोबत राहून धीर देणारी प्रशिक्षित स्त्री, ठेवण्यात अर्थ आहे का. माझे पहिले बाळंतपण डूलाविना आणि दुसरे डूलाच्या सोबतीने, दोन्ही याच शहरात झाले. त्यावरून सांगते की अर्थ आहे, मात्र आई किंवा सासूबाई कमी पडतात असे त्याचे कारण नाही.

पहिल्या वेळी आम्ही पंचवटीहून रात्री रुग्णालयात पोहोचलो, लेबर रूमचे दार लागले आणि आई बाहेरच्या बाकावर राहिली. आतल्या परिचारिका मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे एकाच वेळी तीन जणी होत्या, त्यामुळे तपासून झाले की त्यांना पुढे जावेच लागे. दोन तपासण्यांच्या मधल्या त्या तासांमध्ये माझा हात धरायला कोणी नव्हते, आणि कळांपेक्षा तेच मला अधिक आठवते.

डूला नेमकी हीच जागा भरते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेविका असा आहे. आपल्याकडच्या सुईणीशी तिची गल्लत करू नये, कारण सुईण बाळंतपण करत असे, तर डूला पिशवीचे तोंड किती उघडले हे तपासत नाही, औषध देत नाही आणि बाळही काढत नाही. माझी डूला सातव्या महिन्यापासून घरी येत होती. पहिल्या वेळची भीती तिने निवांत ऐकून घेतली, कळ आली की तळहाताने कमरेवर दाब कसा द्यायचा हे माझ्या यजमानांना शिकवले, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी प्रत्येक कळेला माझ्याबरोबर श्वास घेत, मला कधी चालायला लावत, कधी ओणवे व्हायला सांगत ती शेवटपर्यंत थांबली. कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून औषध द्यावे असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा तिने स्वतःचे मत दिले नाही. मला ते समजले का आणि डॉक्टरांना काही विचारायचे आहे का, एवढेच तिने विचारले. चांगली डूला मी यावरूनच ओळखेन. ‘नॉर्मल डिलिव्हरी नक्की होईल’ अशी हमी देणारीला मात्र ठेवू नका.

अशा सततच्या सोबतीचा उपयोग अभ्यासांतूनही दिसला आहे. 15 हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 मधील आढाव्यानुसार, सोबत असलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आणि सिझेरियनचे कमी असण्याची शक्यता दिसली, तसेच कळांचा काळही काहीसा कमी भरला.

घरी आल्यानंतर खरा प्रश्न आईचा होता, कारण सर्व काही तिच्या पद्धतीने व्हावे असे तिला वाटत होते. डूलाने अळिवाच्या लाडवांना किंवा मालिशीला हात लावला नाही. परंतु बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकते आणि पहिल्या चिकाच्या दुधाऐवजी मध चाटवू नये, हे तिने आईला इतक्या आदराने समजावले की आईने ते ऐकले. मीच सांगितले असते तर वाद झाला असता. पहिल्या आठवड्यात कारण नसताना रडू येते, पण ते दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही तर डॉक्टरांना सांगायचे, हेही तिने यजमानांना आधीच बजावून ठेवले होते.

आता व्यवहाराचे. डूला ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा की लेबर रूममध्ये कोणाला येऊ देतात, आणि एकाच व्यक्तीला परवानगी असेल तर यजमान, आई की डूला हे घरात आधीच ठरवा. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण असू द्यावी, अशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक सूचना 2016 पासून आहे. परिचारिकांसारखी शासकीय नोंदणी डूलांसाठी नसल्यामुळे तिचे प्रशिक्षण कुठे झाले, ती किती बाळंतपणांना हजर होती आणि ऐनवेळी ती आजारी पडली तर कोण येईल, हे स्पष्ट विचारा. खर्च झेपणारा नसेल, तर स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या, न घाबरणाऱ्या बहिणीला किंवा मावशीला आठव्या महिन्यापासून तपासणीला बरोबर नेत जा, म्हणजे डॉक्टरांची आणि तिची ओळख होईल आणि त्या दिवशी तिला दाराबाहेर थांबावे लागणार नाही.