पोर्ट बदलायचे, मदरबोर्ड की अख्खा संगणक?

प्रश्न थोडक्यात असा: २०११ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, सगळे पोर्ट यूएसबी २.० चे. जोडधंदा म्हणून कार्यक्रमांचं चित्रीकरण करतो. दर आठवड्याला सुमारे २०० जीबी फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकावं लागतं, त्यात दीड तासाच्या वर जातो. दुरुस्ती करणारे म्हणतात मदरबोर्ड (संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड) बदला. मित्र म्हणतो बिनव्याजी हप्त्यांवर नवा संगणक घे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम यासाठी मोडू का?

नका मोडू. तुम्हाला दोन महागडे पर्याय सांगितले गेले आणि सगळ्यात स्वस्त पर्याय राहूनच गेला. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे जादा कार्ड बसवायचा, एखादा स्लॉट रिकामा असेल, तर त्यात यूएसबी ३.० चे वेगवान पोर्ट देणारं कार्ड बसतं. खर्च साधारण एका बऱ्या पेनड्राइव्हएवढा. कॅबिनेट उघडायचं, एक स्क्रू काढायचा, कार्ड दाबून बसवायचं, स्क्रू परत लावायचा.

पण कार्ड मागवण्याआधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघा. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट) ६० एमबी. प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी मिळतात. ३५ धरले तर २०० जीबीला सुमारे ९५ मिनिटं लागतात, म्हणजे तुमच्या दीड तासाचा हिशेब लागला. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, दहापट. म्हणून काम दहा मिनिटांत उरकेल असं समजू नका. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपासच धापा टाकायला लागते, मग ती बाहेरची असो की संगणकातली. ११० धरा. २०० जीबीला अर्धा तास. म्हणजे कार्डाने आठवड्याला एक तास वाचतो, वर्षाला पन्नासेक.

आता माझ्या कामाचा प्रश्न. हा तास तुमचा आहे का? कॉपी लावून तुम्ही झोपायला जात असाल, तर वाचलेल्या तासाचं मोल शून्य आणि मग कार्डही नको. पण कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं झाल्याशिवाय पुढच्या कामाला निघता येत नसेल, किंवा संगणक अडकल्यामुळे संपादन थांबत असेल, तर तुमच्या एका तासाच्या कमाईने कार्डाच्या किमतीला भागा. बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांच्या आतच ते वसूल झालेलं दिसेल.

एक छोटी परीक्षा जरूर करा. बाहेरची हार्ड डिस्क आणि तिची केबल घेऊन ज्याच्याकडे नवा संगणक आहे त्याच्याकडे जा आणि एकच मोठी, दहाएक जीबीची फाइल कॉपी करा. वेग शंभराच्या पुढे गेला, तर दोष तुमच्या पोर्टांचा. तिथेही पस्तीसवरच रेंगाळला, तर डिस्क किंवा केबलच जुन्या पिढीची आहे. डिस्कमध्ये घुसणारं केबलचं टोक निरखून बघा: ३.० ची अनेक टोकं रुंद, दोन तुकडे शेजारी जोडल्यासारखी दिसतात, मध्ये खाच असते. मी स्वतः एकदा हे न बघता मोठ्या हौसेने ३.० चा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा) आणला आणि जुन्या पोर्टात खोचला. वेग तसूभर वाढला नाही. वाढणार कसा? मागचा पोर्ट २.० चाच होता.

कार्ड घेताना १० गिगाबिटच्या आकड्याला भुलू नका. जुन्या मदरबोर्डवरच्या लहान स्लॉटमधून पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत सेकंदाला २५० एमबी आणि दुसरीत ५०० एमबीच जाऊ शकतात. त्यावर महागडं कार्ड म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) वेगळी वीज घेणारं कार्ड बघा, कारण ३.० चा एकेक पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देऊ शकतो, जुना ५०० च देत होता. तशी पिन मोकळी आहे ना, तेही कॅबिनेट उघडल्यावर पाहून घ्या. विंडोज ७ असेल तर कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. विंडोज ८ पासून पुढे तो सोबतच येतो.

बाहेरची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घेऊ का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. ३.० वर चांगली एसएसडी ४०० एमबीपर्यंत जाते, पण फुटेज आतल्या फिरत्या डिस्कवरून येत असेल तर ती बिचारी ताटकळत बसेल. म्हणून घ्यायचीच तर आधी आतली एसएसडी घ्या. रोजचं संपादनही सुधारेल आणि उद्या संगणक बदलला तर ती सोबत नेता येईल. कार्डाचं तसं नाही. नव्या संगणकात असे पोर्ट असतातच, त्यामुळे त्या दिवशी कार्डाची किंमत शून्य धरा. त्यावर कमीत कमी खर्च करा म्हणतो ते यासाठीच.

मदरबोर्डचा पर्याय मला सर्वांत वाईट वाटतो. नव्या बोर्डाला तुमचा प्रोसेसर चालणार नाही, जुनी रॅम बसणार नाही, कदाचित एसएमपीएसही बदलावा लागेल. नव्या संगणकाचा बराचसा खर्च होईल आणि कॅबिनेट, डिस्क जुनीच राहतील.

नव्या संगणकाबद्दल मात्र तुमचा मित्र सगळाच चुकत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०११ चं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. तेव्हा कधीतरी बदल करावाच लागणार. पण तो हप्त्यांवर कशाला? ‘बिनव्याजी’मध्ये प्रक्रिया शुल्क आणि रोख घेतल्यास मिळाली असती ती सूट हे दोन्ही मोजा, व्याज तिथेच सापडतं. वर जोडधंद्याची कमाई एखाद्या महिन्यात आटली तरी हप्ता चुकत नाही. आत्ता कार्ड लावा, प्रत्येक कामाच्या मोबदल्यातला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि वर्षा-दीड वर्षाने त्या खात्याकडे बघून ठरवा. तोवर संपादनाचा संगणक शक्यतो इंटरनेटपासून तोडलेला ठेवा, बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

आणि कार्ड लागल्यावर कीबोर्ड-माउस जुन्याच पोर्टांत राहू द्या. त्यांना वेग लागत नाही, आणि अशा जुन्या संगणकांत बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) कार्डावरचे पोर्ट बहुधा दिसत नाहीत.