नाव सांगितलं की फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो

“मावशी, मी दापोलीकडची कोकणी मुसलमान, वय 27, पुण्यात नोकरी करते. दोन महिन्यांत अकरा घरं बघितली. नाव सांगितलं की फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो. मैत्रीण म्हणते, माझ्या नावावर करार कर. ऑफिसात ऐकते, ‘तू त्यांच्यातली वाटतच नाहीस, मराठी किती छान बोलतेस!’ कुठे काही घडलं की सगळे माझ्याकडे बघतात. हल्ली बसमध्ये अम्मीचा फोन कट करते, कारण बोलणं सलामने सुरू होतं. त्याचीच जास्त लाज वाटते.”

लेकी,

तुझ्या शेवटच्या दोन ओळींवर मी बराच वेळ थांबले. भरल्या बसमध्ये जपून वागावंसं वाटणं हा भित्रेपणा नव्हे. ती लाज तुझी नाहीच.

घराचं आधी सांगते. घटनेचं 15वं कलम सरकारला धर्मावरून भेदभाव करू देत नाही, पण खासगी मालक ‘नाही’ म्हणाला तर त्या कलमाचा सहसा उपयोग होत नाही. मालक तयार असेल आणि कमिटी मोडता घालत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे त्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार, घर भाड्याने द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही, आधी कळवणं पुरतं. मालकाला हे दाखव. एजंटाला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांग. नकार तरीही येतील. पण खिडकीत तुळस ठेवू की मोगरा, हे मनात ठरवून झाल्यावर आलेला नकार फार लागतो. मैत्रिणीच्या नावावर करार नको. दारावरची बेल वाजली की रोज धडधडायचं, ते कशाला?

आमच्या सोसायटीच्या बैठकीत एकदा ‘त्यांना नको’ असं कुणीतरी म्हणालं होतं. मी चहाच्या कपाकडे बघत बसले. ते कुटुंब आलंच नाही, आणि त्यात माझ्या गप्प बसण्याचाही हात होता. म्हणून सांगते, ज्या सहकाऱ्यांवर विश्वास आहे, त्यांच्याकडे नुसतं मन मोकळं करू नकोस, त्यांना काम सांग: “उद्या माझ्याबरोबर घर बघायला चल, मालकाशी तू बोल.”

मराठीचं म्हणशील, तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवणारे शाहीर अमर शेख बार्शीचे, आणि मराठीत लिहिणारे समाजसुधारक हमीद दलवाई तुमच्याच कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. पण ही यादी कुणाला ऐकवत बसू नकोस. “घरात हीच बोलतो आम्ही,” एवढं म्हण. बातम्यांवरून कुणी विचारलं तर “मला यावर बोलायचं नाही” म्हण आणि जेवण चालू ठेव. देशभरच्या मुसलमानांच्या वतीने उत्तरं द्यायला तुला कुणी नेमलेलं नाही.

आणि बसमध्ये फोन उचलवला नाही, तर उतरल्या उतरल्या लाव. अकरा घरांचं सगळं सांग तिला. तू लपवते आहेस असं तुला वाटतं, पण आवाजावरून अम्मीला केव्हाच कळलं असेल.

तुझी मावशी