नऊ वार नेमके कशाचे?

प्रश्न : इंग्रजीतील ‘द होल नाइन यार्ड्‌स’ हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून आला, असा मजकूर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. ब्रिटिश सैनिकांनी इकडे नऊवारी पाहिली आणि ‘संपूर्ण’ या अर्थाने हे शब्द मायदेशी नेले, असे त्यात म्हटले आहे. माझ्या आठवीतल्या नातीला हे शाळेच्या प्रकल्पात घालायचे आहे. ही माहिती खरी मानावी का? — एक वाचक, सांगली

उत्तर : मानू नये. ‘काहीही हातचे न राखता, सगळेच्या सगळे’ हा त्या वाक्प्रचाराचा अर्थ आणि अंगभर चापूनचोपून नेसायचे नऊ वारांचे लुगडे यांची सांगड इतकी चटकन बसते, की शंका घ्यायचे मनातच येत नाही. मात्र शब्दाचे मूळ शोधताना तो कोठे, केव्हा आणि कोणत्या संदर्भात छापला गेला, हे आधी पाहावे लागते. आणि ही वाट महाराष्ट्राकडे किंवा विलायतेकडे वळतच नाही, ती अमेरिकेच्या इंडियाना आणि केंटकी या शेजारशेजारच्या राज्यांत जाऊन थांबते.

इंडियानातील मिचेल या लहान गावाच्या वृत्तपत्रात 1907 च्या मे महिन्यात बेसबॉलच्या एका सामन्याची बातमी आहे. गावचा नेहमीचा संघ व्यापारी मंडळींशी खेळणार असून त्यांना झेपतील तेवढे डाव होतील, पण ‘फुल नाइन यार्ड्‌स’ची हमी देता येत नाही, असे बातमीदाराने गमतीने लिहिले आहे. बेसबॉलमध्ये डावही नऊ आणि खेळाडूही नऊ, तेव्हा कोडे सुटले असे वाटण्याचा संभव आहे. पण पुढच्याच वर्षी त्याच वृत्तपत्रात मासे पकडून आलेल्या एका गृहस्थाविषयी, हा कोणा बेसावध माणसाला गाठून त्याला पूर्ण नऊ वार ऐकवणार, असे वाक्य येते आणि तेथे खेळाचा मागमूसही नाही.

खरी गंमत पुढे आहे. 1912 साली केंटकीच्या माउंट व्हर्नन गावातील वृत्तपत्रात अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि तेव्हाचे अध्यक्ष टाफ्ट यांच्या भांडणाविषयी लिहिताना, वाद आणखी तापला की दोघे एकमेकांचे ‘होल सिक्स यार्ड्‌स’ सांगतील, असे म्हटले आहे. म्हणजे नऊ नव्हे, सहा! आपल्याकडेही नऊवारीच्या जोडीला सहावारी असतेच, त्यामुळे ग्रुपवरील लेखकाच्या हाती हे लागले असते तर त्याने आणखी एक परिच्छेद वाढवला असता. प्रत्यक्षात हा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, कारण जो आकडा बोलणाऱ्यांच्या तोंडी कधी सहा तर कधी नऊ होत होता, त्याचा उगम नेमक्या नऊ वार लांबीच्या एखाद्या वस्तूत शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अशा वस्तू इतरांनीही पुष्कळ सुचवल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या मशिनगनचा सत्तावीस फुटी काडतुसांचा पट्टा आणि काँक्रीटच्या ट्रकमध्ये मावणारा नऊ घनवार माल हे त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय दावे आहेत. पण 1907 साली ते महायुद्धही व्हायचे होते आणि तसले ट्रकही रस्त्यावर यायचे होते. स्कॉटिश किल्टच्या कापडाचेही नाव घेतले जाते. त्यातल्या त्यात कापडाचा तर्क आम्हाला जवळचा वाटतो, कारण गावच्या दुकानात वारावर मोजली जाणारी रोजची वस्तू तीच. परंतु तसा पुरावा हाती आलेला नाही आणि म्हणूनच या वाक्प्रचाराचे मूळ ‘अनिश्चित’ असेच म्हणावे लागते.

आकडा जुळला म्हणजे नाते जुळले, असे समजण्यातला धोका घरच्याच उदाहरणाने दाखवता येईल. आपण ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो. एका मैलात वारही बरोबर सतराशे साठच असतात. आता मैलाच्या दगडाशी बसून कोणी भानगडी मोजल्या होत्या, असे आपण मानणार आहोत का?

ब्रिटिश सैनिकांनी हे शब्द खरोखर नेले असते, तर त्यांचा माग हिंदुस्थानातील इंग्रजांच्या लिखाणात लागायला हवा होता. अशा इंग्रजांच्या बोलीतील शब्द वेचून 1886 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या जाडजूड कोशात हा वाक्प्रचार नाही. ब्रिटनमध्येही तो रुळला तो पुष्कळ उशिरा, आणि तोही अमेरिकेतून येऊन.

नातीचा हिरमोड होऊ नये म्हणून दोन शब्द सुचवतो. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा आपल्या मुंगसावरून गेलेला आहे. डोके फिरलेल्या माणसासाठी वापरला जाणारा ‘डूलॅली’ हा शब्द तर नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथील छावणीत घरी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत दिवसचे दिवस काढत, आणि उन्हाने व रिकामपणाने त्यांचे जे होई त्याला त्यांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ असे नाव पडले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. नऊवारीचे पान काढून तेथे हे घालता येईल, आणि देवळालीचा नकाशा जोडला तर गुणही वाढतील.