संडासाच्या टाकीतला गाळ: गॅस किती, खत कधी?

प्रश्न: गुहागरला आमची नारळाची वाडी आहे. संडासाच्या जुन्या टाकीतल्या गाळावर गॅस मिळेल का? आणि तो माडांना घातला तर चालेल?

उत्तर: जुन्या गाळाचा बराचसा वायू कधीच उडून गेलेला असतो. गॅस हवा तर संडास थेट बायोगॅस टाकीला जोडा. माणशी रोज साधारण ३० लिटर वायू धरा. पाच माणसांवर चहा-पोहे होतील, जेवण नाही. जोडीला शेण हवंच, त्याच्या किलोमागे सुमारे ४० लिटर वायू मिळतो. ॲसिड, फिनेल ओतलंत की जिवाणू मरतात, शेगडी मंदावते.

ओला गाळ आळ्यात मुळीच नको. जंतांची अंडी बायोगॅस टाकीतूनही जिवंत निघतात. गाळ वाळूवर निथळवा, तिप्पट पातेरा (सुका पालापाचोळा) मिसळून ढीग रचा. आत ५५ अंश उष्णता १५ दिवस टिकली पाहिजे. तेवढ्यात पाचदा परता, कडेचा माल आत गेला पाहिजे. ढीग तापत नसेल तर बहुधा ओल जास्त आहे, पातेरा वाढवा. पावसाळ्यात वर पत्रा, खाली कोबा हवा. जांभ्या दगडातून पाणी सरळ विहिरीत उतरतं. खत माडांना द्या, पालेभाजीला नको.

उपसा यंत्रानेच करा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आतला वायू जीवघेणा.